बदल केलेली गाडी सुरू होत नाही तेव्हा
आमगावच्या एका गॅरेजमधील अनुभव आणि कारागीर-ग्राहक दोघांसाठी काही धडे

गोंदियाहून दुर्गकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमगाव हे तालुक्याचे गाव आहे. १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला, तेव्हापासून ते या नव्या जिल्ह्यात आहे. धानाचा हा प्रदेश. सुगीच्या दिवसांत राईस मिलकडे जाणारे ट्रॅक्टर, मेटॅडोर आणि लहान मालवाहू गाड्या यांची रस्त्यावर रांग लागते. एकीकडे देवरी, दुसरीकडे सालेकसा आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील लांजी. या साऱ्या गावांच्या आठवडी बाजारांत माल नेणारे छोटे व्यापारी जुन्या गाड्यांवरच पोट भरतात. साहजिकच मोटार दुरुस्ती हा येथील अनेक कुटुंबांचा पिढीजात धंदा झाला आहे.

नवी गाडी घेण्याची ऐपत नसली की माणूस जुन्या गाडीत सुधारणा करतो. इंजिन बोअर करून घेतो, गॅसचे किट बसवतो, जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावतो, चोरी होऊ नये म्हणून छुपे बटण बसवतो. हे सारे झाल्यावर गाडी सुरूच झाली नाही तर? ज्या व्यापाऱ्याचा बाजार बुडतो त्याचे नुकसान तर होतेच, परंतु ज्या कारागिराने घाम गाळला त्याची मजुरी आणि अब्रू, दोन्ही पणाला लागतात. प्रस्तुत लेखात अशाच एका गाडीची हकिगत आणि तिच्या निमित्ताने दोष शोधण्याची रीत सांगावयाची आहे. संबंधितांची नावे देण्याची गरज नाही; असे प्रकार प्रत्येक तालुक्याच्या गावी घडत असतात.

तीन कारागीर, एक गाडी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कपड्यांची फेरी करणाऱ्या एका व्यापाऱ्याची जुनी, कार्बोरेटर असलेली मारुती व्हॅन होती. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली, पुढे ओम्नी या नावाने ती घरोघरी पोहोचली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन, आत भरपूर जागा आणि कमी देखभाल, यामुळे लहान व्यापाऱ्यांची ती लाडकी गाडी होती.

गाडी धूर मारू लागली म्हणून व्यापाऱ्याने आमगावच्या एका मिस्त्रीकडून इंजिन उतरवून घेतले. बोअर झाला, नवे पिस्टन पडले, हेडला पृष्ठ मारले. इंजिन बाहेर आहेच तर खालचा भाग रंगवून घ्यावा म्हणून चासीला रंगही दिला. इंजिन जागेवर बसले. इतक्यात कोणी तरी सल्ला दिला की जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि प्लगच्या नव्या वायर टाका. मिस्त्रीने इंजिन एकदाही सुरू करून पाहण्याआधीच गाडी ढकलत दुसऱ्या वायरमनकडे गेली. त्याने ते काम केले, शिवाय चोरीविरोधी छुपे बटण लावले. तिसऱ्याने नवा टेप बसवला.

संध्याकाळी किल्ली फिरवली. सेल्फ कण्हत कण्हत फिरला आणि थांबला. बॅटरी बदलली, तरी तेच. दुसऱ्या दिवशी गाडीला धक्का दिला तेव्हा कार्बोरेटरमधून फट्कन आवाज आला, सायलेन्सरमध्ये धडधड झाली, पण इंजिन काही पेटले नाही. वायरमन म्हणाला, इंजिन जाम बसवले आहे, पिस्टन घट्ट झाले. मिस्त्री म्हणाला, माझे काम ठीक आहे, वायरिंग बघा. व्यापाऱ्याने दोघांचीही मजुरी अडवून धरली. बाजारामागून बाजार बुडू लागले. शेवटी इंजिन पुन्हा उतरवून उघडावे असे ठरले. तसे झाले असते तर नवे गॅस्केट, नवा खर्च आणि पुन्हा तितकेच दिवस गेले असते.

त्याआधी व्यापाऱ्याने गावातील एका वयस्क उस्तादांना गाडी दाखवली. उस्तादांनी बॉनेटला हातही लावला नाही. बाजेवर बसून त्यांनी तीन प्रश्न विचारले.

"शेठ, गाडी शेवटची आपल्या पायाने कधी चालली?"

"इंजिन उतरवायला आणली तेव्हा. धूर होता जी, पण चालत आली."

"त्यानंतर काय काय बदललं? सगळं सांगा, टेपसुद्धा."

व्यापाऱ्याने यादी सांगितली. उस्तादांनी ती मुलाकडून वहीत लिहून घेतली.

"आणि प्रत्येक बदलानंतर गाडी सुरू करून पाहिली काय?"

"नाही ना मिस्त्रीजी. सगळं झाल्यावर एकदमच पाहिलं."

"मग दोष एक आहे की दोन, हे कोणी कसं सांगावं?"

या एका वाक्यात साऱ्या विद्येचे सार आहे. बदल केलेली गाडी बंद पडते तेव्हा दोष बहुतेक वेळा जुन्या भागात नसतो. जेथे शेवटचा हात लागला तेथे तो असतो. एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येकानंतर इंजिन सुरू करून पाहिले, तर दोष लपायला जागाच उरत नाही.

पहिला दोष: रंगाखाली दडलेला

सेल्फ मंद फिरतो याचे कारण नेहमी बॅटरी नसते. उस्तादांनी आधी बॅटरी मोजली. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना ती दहाच्या आसपास उतरली तरी चालते. बॅटरी उत्तम होती. मग त्यांनी मुलाला सेल्फ मारायला लावून चोकच्या तारेवर बोट ठेवले. तार गरम लागली.

चोकच्या तारेचा विजेशी काय संबंध? संबंध असा की सेल्फला जाणारा प्रवाह परत बॅटरीकडे येण्यासाठी इंजिनपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत एक जाड पट्टी असते. गॅरेजच्या भाषेत तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. ती नीट जोडली नाही तर प्रवाह मिळेल त्या वाटेने जातो. चोकची तार, ॲक्सिलरेटरची तार, क्लचची तार. या बारीक तारांतून सेल्फचा मोठा प्रवाह जाऊ शकत नाही, म्हणून सेल्फ कण्हतो आणि तार तापते.

उस्तादांनी जंप केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरे थेट इंजिनच्या लोखंडाला लावले. सेल्फ भर्रकन फिरला. पट्टी जोडलेली होती खरी, पण ताज्या रंगावर. रंगाचा पापुद्रा प्रवाहाला आडवा येत होता. ती जागा घासून उघडी केली, बोल्ट आवळला, आणि इंजिन जाम बसल्याचा आरोप तेथेच निकालात निघाला.

ही कसोटी कोणालाही करता येते आणि तिला एक पैसाही लागत नाही. इंजिन उतरवून बसवलेल्या किंवा सांगाडा रंगवलेल्या प्रत्येक गाडीत सर्वांत आधी हीच जागा पाहावी.

दुसरा दोष: एक, दोन, तीन

सेल्फ जोरात फिरू लागला, तरी गाडी सुरू झाली नाही. कार्बोरेटरमधून फट्कन आवाज येतच राहिला. आता उस्तादांनी नेहमीची चार दारे एकेक करून ठोठावली.

पेट्रोल इंजिनला चार गोष्टी लागतात: हवा व इंधन योग्य प्रमाणात, पुरेसे कॉम्प्रेशन, प्लगवर ठिणगी, आणि ती ठिणगी नेमक्या वेळी. पहिल्या तिन्ही गोष्टी असल्या आणि चौथी चुकली तरी इंजिन पेटत नाही. उलट फटाके वाजवते. म्हणून इंजिन अगदी मुके असेल तर इंधन किंवा ठिणगी नाही असे समजावे, आणि इंजिन फटफट आवाज करीत असेल तर दोन्ही आहेत पण वेळ चुकली आहे असे समजावे. आवाज हा दोषाचा पत्ता असतो.

प्लग काढले तर ते पेट्रोलने ओले होते, म्हणजे इंधन पोहोचत होते. ठिणगी निळी आणि कडक होती. प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावले. तिन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले. इंजिनचे काम करणाऱ्या मिस्त्रीला येथे दुसऱ्यांदा न्याय मिळाला. मग उस्तादांनी प्लगच्या नव्या वायर हाताने डिस्ट्रिब्युटरपर्यंत चाचपत नेल्या आणि हसले.

मारुतीच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम १-३-२ असा आहे. नव्या वायर टाकणाऱ्याने सरळ मोजणी केली: १-२-३. पहिला सिलिंडर बरोबर, दुसरा व तिसरा उलटे. तिसऱ्या सिलिंडरच्या वेळेला दुसऱ्यात ठिणगी पडत होती, आणि त्या क्षणी दुसऱ्याचा पिस्टन मिश्रण आत ओढत असतो, त्याचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा असतो. आग उलटी कार्बोरेटरकडे जाणारच. दुसऱ्याच्या वेळेला तिसऱ्यात ठिणगी पडत होती, तेव्हा तो जळका वायू बाहेर टाकत होता. सायलेन्सरमधील धडधड तिथूनच येत होती.

दोन वायरींची अदलाबदल केली. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

इंजिन पुन्हा उघडण्याची गरज पडली नाही. व्यापाऱ्याने अडवून धरलेली मजुरी इंजिनच्या मिस्त्रीला त्याच संध्याकाळी दिली. आणि उस्तादांनी? वायर घासायला किती वेळ लागला असे विचारत व्यापाऱ्याने चहाचे पैसे पुढे केले, तेव्हा ते म्हणाले, "शेठ, घासायला पाच मिनिटं लागली. कुठं घासावं हे शिकायला तीस वर्षं लागली. त्याचं काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा." व्यापाऱ्याने वाजवी मजुरी दिली, हे नमूद केले पाहिजे.

दोष शोधण्याचा क्रम

वरील हकिगतीवरून आणि जाणत्या कारागिरांच्या सांगण्यावरून पुढील क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

सेल्फ फिरतच नसेल किंवा मंद फिरत असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंगची पट्टी आणि सेल्फची जाड वायर पाहावी. या पायरीच्या पुढे जाण्याची घाई करू नये. सेल्फ मंद असताना ठिणगीही दुबळी पडते आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

सेल्फ चांगला फिरतो पण इंजिन मुके आहे, तर नव्याने लावलेले छुपे बटण, अलार्म, गॅस-पेट्रोलचा चेंजओव्हर स्विच यांच्याकडे आधी वळावे. गॅस किट बसवलेल्या गाडीत पेट्रोलच्या वाटेवर विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो. स्विच मधल्या स्थितीत राहिला किंवा वायर सुटली तर पेट्रोल आणि गॅस दोन्ही बंद, आणि मालक टाकी भरलेली पाहून चक्रावतो. त्यानंतर फ्यूज, मग ठिणगी, मग पंप.

फटफट आवाज येत असेल तर प्लगच्या वायरींचा क्रम, डिस्ट्रिब्युटर आणि टायमिंग पट्ट्याच्या खुणा तपासाव्यात. येथे एक जुना सापळा आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला एका पूर्ण चक्रात दोनदा येतो: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा जळका वायू बाहेर टाकून झाल्यावर. चाकावरची खूण दोन्ही वेळा जुळते. चुकीच्या वेळी डिस्ट्रिब्युटर बसवला तर सारे काही खुणेवर असूनही गाडी सुरू होत नाही. उपाय सोपा आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवावे व इंजिन हाताने फिरवावे. हवा बोटाला ढकलू लागली की ते कॉम्प्रेशन. त्या वेळी रोटरचे तोंड पहिल्या वायरीकडे असले पाहिजे.

सारे ठीक असून कॉम्प्रेशनच कमी आढळले, तर मगच इंजिनचे तोंड उघडावे. सर्वांत महागडी शंका सर्वांत शेवटी तपासावी, हा या धंद्यातील सोन्यासारखा नियम आहे.

डिझेल गाडीत ठिणगीच नसते, म्हणून तिचे दुखणे निराळे. फिल्टर बदलला, टाकी बदलली किंवा पाइप उघडला की इंधनाच्या नळीत हवा शिरते आणि इंजिन नुसते फिरत राहते. हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत हवा काढावी लागते. शेतातल्या डिझेल इंजिनावर हे काम आमच्या भागातील शाळकरी मुलेही करतात. हिवाळ्यात हीटर प्लग आणि इंधन बंद करणारा सोलेनॉइड हेही पाहावे.

नव्या गाड्या, नवी कुलुपे

संगणकावर चालणाऱ्या गाड्यांनी या विद्येत भर घातली आहे, ती रद्द केलेली नाही. चार दारे तीच आहेत. दारावरचे पहारेकरी बदलले. अनेक गाड्यांच्या किल्लीत आता चिप असते. साधी नक्कल किल्ली कुलूप उघडते, पण इंजिन सुरू होऊ देत नाही. बाजारातला अलार्म बसवताना किल्लीजवळच्या वायरी कापल्या की हाच प्रकार घडतो. किल्ली इग्निशनच्या टप्प्यावर फिरवताच मागच्या टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते; ती आली नाही तर पंपाचा फ्यूज व रिले पाहावा. क्रँकजवळचा सेन्सर दूर बसला किंवा त्याचा प्लग सैल राहिला तर संगणकाला इंजिन फिरत असल्याचेच कळत नाही आणि तो ठिणगी व इंधन दोन्ही रोखतो.

भारतात २०१३ पासून नव्या मोटारींना दोषांची नोंद ठेवणारी ओ.बी.डी.-२ ही पद्धत लागू झाली. स्कॅनर लावला की दोषाचा क्रमांक मिळतो. परंतु स्कॅनर संशयिताचे नाव सांगतो, गुन्हा सिद्ध करीत नाही. सेन्सरचा क्रमांक आला म्हणून नवा सेन्सर विकत घेणारा कारागीर आणि वायर तपासणारा कारागीर यांत ग्राहकाच्या खिशाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. आमगावसारख्या गावी महाग सुटा भाग गोंदिया, नागपूर किंवा रायपूरहून मागवावा लागतो. तेथे तर आधी वायर तपासणे हाच शहाणपणा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. सी.एन.जी. किंवा एल.पी.जी. किट बसवण्यास मुभा आहे, मात्र ते किट मान्यताप्राप्त असावे लागते आणि परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. आमच्या जिल्ह्याच्या एम.एच. ३५ क्रमांकाच्या गाड्यांसाठी ती गोंदियाला होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

घरगुती गॅसचे सिलिंडर गाडीला जोडणे हा गुन्हा तर आहेच, पण जीवावरचा खेळही आहे. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो गाडीच्या तळाशी साचतो आणि सेल्फची एक ठिणगी पुरते. म्हणून गॅसची गाडी सुरू होत नसेल आणि वास येत असेल तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. दारे उघडावीत, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत. सी.एन.जी. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते हेही विसरू नये. कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची सवयही सोडली पाहिजे. उलटा भडका उडून अनेकांनी हात भाजून घेतले आहेत.

विम्याचाही विचार करावा. बदलाची माहिती विमा कंपनीला दिलेली नसेल तर अपघातानंतर भरपाईचा दावा अडू शकतो. चार पैसे वाचवण्यासाठी केलेला बदल त्या दिवशी फार महाग पडतो.

धंद्याचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वरील प्रकरणात यंत्राचे दोष दोनच होते आणि दोन्ही फुकटात निघाले. खरे नुकसान झाले ते व्यवहारातील दोषांमुळे. कोणत्या कारागिराने काय केले याची कोठेही नोंद नव्हती. एकाचे काम तपासून घेण्याआधी दुसऱ्याच्या हाती गाडी गेली. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकला.

गॅरेजवाल्या बांधवांनी काही साध्या सवयी लावून घेतल्या तर निम्मे तंटे मिटतील. गाडी ताब्यात घेताना ती सुरू होती की बंद, हे वहीत लिहून ग्राहकाची सही घ्यावी. वायर काढण्याआधी मोबाइलवर तिचे छायाचित्र काढावे. क्रम चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. काढलेले जुने भाग ग्राहकाला परत द्यावेत. आपले काम संपल्यावर इंजिन सुरू करून ग्राहकाला ऐकवल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या हवाली करू नये. आणि तपासणीची मजुरी वेगळी, दुरुस्तीची वेगळी, हे आधीच बोलून घ्यावे. दोष शोधणे हे काम आहे, उपकार नव्हे. ज्याला तपासणीचे पैसे मिळत नाहीत, तो भाग बदलून पैसे काढतो. आणि मग ग्राहकाचाच तोटा होतो.

ग्राहकांनीही आपली बाजू सांभाळावी. पावती मागावी, एका वेळी एकाच कारागिराकडे काम द्यावे, आणि दोष सिद्ध होण्याआधी मजुरी अडवून धरू नये. काम खरोखरच सदोष असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. पण तेथेही पावती लागतेच.

आमगावचे ते उस्ताद आता फारसे काम करीत नाहीत. गॅरेज मुलगा पाहतो. तेथे दर्शनी भागात एक वही दोरीने टांगलेली आहे. गाडी आली की मुलगा आधी तीच उघडतो आणि तेच तीन प्रश्न विचारतो. गाडी शेवटची कधी चालली? त्यानंतर काय बदलले? प्रत्येक बदलानंतर सुरू करून पाहिली काय? उत्तरे लिहून झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, असा त्या गॅरेजचा दंडक आहे.